खिडकीखालच्या चार फरश्या

एकोणीसशे सहासष्टचा उन्हाळा. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटायचं, आणि ‘कसे आहात’ विचारायच्या आधी लोक ‘काय हे ऊन!’ म्हणायचे. त्या तळमजल्यावरच्या घरातही दिवसभर हीच पोथी चालायची. फक्त मधल्या खोलीत, खिडकीखालच्या चार फरश्या गार होत्या. बाकीची जमीन तव्यासारखी तापलेली, आणि त्या चार माठाच्या पोटासारख्या.

सुनेला आठवा महिना लागल्यापासून ती जागा तिची. सासूबाई स्वतः तिथे पातळ चादर अंथरायच्या आणि कोणी पाय टेकवला तरी हाकलायच्या. “दोन जिवांचा उकाडा सोसतेय ती. उठा.”

सासूबाईंची नणंद, जिला सगळं घर आत्या म्हणायचं, तिला मात्र एकच प्रश्न छळत होता.

“पण गार का?”

“असतं एकेका घराचं नशीब.”

“नशीब चार फरश्यांपुरतंच कसं येतं, वहिनी?”

“वन्सं, तुम्हाला ना, सुखसुद्धा उलटंपालटं करून बघायची खोड आहे.”

त्या दुपारी नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यावरची नर्स रिकामी बादली घेऊन दारात उभी राहिली. रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले.

“आमचा नळ आजही नुसता खोकतोय. उन्हाळ्यात पाण्यालासुद्धा जिना चढायचा कंटाळा येतो वाटतं.”

खालच्या नळाला धो धो पाणी. बादली भरेपर्यंत ती सुनेजवळ उकिडवी बसली, तिच्या पायावर अंगठा दाबून उठलेला खळगा बघत राहिली. “सूज कमी आहे. ही जागा सोडू नकोस हं. वर माझ्या खोलीत तर भाजून निघाली असतीस.” मग बादली उचलून, एका बाजूला कलत, ती जिना चढून गेली.

आत्या सुनेशेजारी आडवी झाली होती. चादर संपत होती तिथे तिचा कान उघड्या गार फरशीला टेकला. ती एकदम दचकली. मग तिने पुन्हा कान लावला.

“वहिनी, खाली पाणी वाहतंय.”

“उकाड्याने डोकं फिरलंय तुमचं.”

“थांबा.” वर नर्सने पुन्हा एकदा नळ सोडून पाहिला असावा. पाईप कण्हल्याचा आवाज आला. “आता बारीक झालं.” कण्हणं थांबलं. “आता परत मोठं.” आत्या उठून बसली. तिच्या गालावर फरशीची धूळ होती आणि चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा आनंद. तो हळूहळू मावळत गेला.

सासूबाई वारा घालत होत्या तो पुठ्ठा त्यांनी मांडीवर ठेवला.

“तुम्ही काही ऐकलेलं नाही, वन्सं.”

“ऐकलं की.”

“एवढं बाळंतपण होऊ दे. मग खणा सगळं घर. पाईप काय पळून जातोय?”

“आणि ती बादल्या वाहतेय, ती?”

“आपण कधी नाही म्हटलंय का तिला? रोज देतोच आहोत की पाणी.”

“तिचंच,” आत्या म्हणाली.

जिन्यावर पावलं वाजली. नर्स दुसऱ्या बादलीसाठी खाली येत होती. सासूबाईंनी आत्याकडे डोळे मोठे केले. आत्याने तोंडात पदर धरला. जन्मात पहिल्यांदाच तिने तोंडापर्यंत आलेली गोष्ट गिळली असेल.

सून कोपरावर उठली. एक हात पोटाखाली धरून, थोडी थोडी सरकत ती चादरीवरून बाजूला झाली, तापलेल्या फरशीवर.

“नर्सताई, बादली ठेवा खाली. जरा इथे कान लावून बघता?”

नर्स हसली. मग तिघींचे चेहरे बघून हसू आवरतं घेत चादरीवर आडवी झाली आणि गार फरशीला कान लावला. डोळे मिटून ती ऐकू लागली.

“काय ऐकू येतंय?” आत्याला राहवलं नाही.

नर्सला झोप लागली होती.

सासूबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुठ्ठा उचलला आणि तिला वारा घालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने फरश्या उखडून वर जाणारा फुटका पाईप बदलला. वरचा नळ भरभरून वाहू लागला आणि खालची ती जागा बाकीच्या जमिनीसारखीच तापू लागली. शेवटचा महिना सुनेने ओल्या चादरींवर काढला. त्या पिळून आणायची नर्स, वरून. मुलगी झाली तीही तिच्याच हातावर. पुढे नर्स मोठ्या इस्पितळात मेट्रन झाली आणि गाव सोडून गेली. ती मुलगी आता आजी आहे. सासूबाई मात्र अखेरपर्यंत सांगत राहिल्या, की घरात चांगला गारवा होता, तो वन्संच्या चौकशांनी गेला.

आत्या बरीच वर्षं जगली. खिडकीखाली बसवलेल्या नव्या फरश्यांचा रंग कधी जुळला नाही, त्यामुळे जागा शोधावी लागायची नाही. दर उन्हाळ्यात ती दुपारी तिथेच आडवी व्हायची, खाली कान लावून. काही ऐकू यायचं नाही. पण वर कोणी नळ सोडला, की हात वर करून सगळ्या घराला गप्प बसवायची.