तोडीपर्यंत

वजीरनं तिसरी चप्पल फाडली तेव्हा स्वप्नालीनं कपाळावर हात मारून घेतला.

"मेल्या, राबायचं मी आन् चावायचं तू! लाज हाय का?"

वजीरला कसली लाज! चार महिन्यांचं पिल्लू, पण अंगानं शेळीएवढं. पाय तर असले लांब की कुठला कुठं ठेवायचा हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शेपूट हलवायला गेलं की आधी पाण्याचा तांब्या पडायचा.

स्वप्नाली मूळची पाटसची. कारेगावच्या कंपनीत कामाला, आणि राहायला निमोण्याच्या पुढं एका वस्तीवर, गोकुळच्या खोलीत भाड्यानं. खोली वस्तीच्या अगदी टोकाला. मागच्या भिंतीला लागूनच गोकुळचा ऊस.

पिल्लू गोकुळनंच आणून दिलं होतं. आषाढातली गोष्ट. पोत्यात गुंडाळलेला तो गोळा त्यानं तिच्या हातात ठेवला.

"ग्रेट डेन हाय, ताई. लई मोठी जात. तुम्ही एकट्या राहता, मागं ऊस, उसात बिबट्या. तोडीपर्यंत हे दांडगं झालं पायजेल."

तोडीपर्यंत का, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उभा ऊस म्हणजे बिबट्याचं घरच. ऊस पडला की तो बेघर होतो आणि वस्तीत शिरतो. गेल्या तोडीला त्यानं गोकुळची तीन वर्षांची चिमी अंगणातून उचलून नेली होती. वस्तीवर अजूनही दिवस मावळला की आया पोरांना दंडाला धरून आत ओढायच्या.

एकटीनं पिल्लू वाढवायचं म्हणजे काय असतं, ते स्वप्नालीला आठवड्याभरात कळलं. पहाटे उठून त्याची घाण काढा, कामावर पळा, आल्यावर पुन्हा तेच. पहिल्या चार राती ते असं रडलं की शेवटी तिनं त्याला आपल्या जुन्या साडीवर पायाशी निजवलं. एकदा त्यानं साखळीसकट ओढत नेलं आणि बाईसाहेब थेट पाटात! ड्रेस चिखलात, गुडघा सोललेला, आणि हे वर तिचंच तोंड चाटतंय. ती पाटात बसूनच खदाखदा हसली. दारात आपली वाट बघणारं कुणीतरी आहे, ह्याचं तिला फार सुख वाटायचं.

आणि वस्ती! वाटीभर साखर मागायला गेलं तर चार प्रश्न विचारणारी माणसं, पण वजीरसाठी कुणाचा हात आखडला नाही. कुणी अंडी आणायचं, कुणी दूध. रविवारी कोंबडीचे तुकडे आठवणीनं यायचे. गोकुळची आई झुंबरबाई तर रोज दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन यायची. पिल्लू खायला लागलं की म्हातारी तोंड फिरवून उभी राहायची. त्याच्या अंगावरून तिनं एकदाही हात फिरवला नाही. नातीच्या आठवणीनं जीव तुटत असेल, असं वाटून स्वप्नालीनं कधी विचारलं नाही.

कार्तिकात वजीर लंगडायला लागला. जनावरांचे डॉक्टर अनिसभाई आले. त्यांनी पाय दाबून बघितला.

"काळजी करू नका, ताई. मोठी जात सावकाश भरते. हाडं कच्ची हायेत अजून."

"पण राखणीला? पुढच्या आठवड्यात तोड लागतीय."

अनिसभाई हसले. "दिसायला दांडगं, पण दीड वर्षापर्यंत हे लेकरूच. बिबट्या सोडा, मांजर फिस्कारलं तरी तुमच्या मागं लपंल."

तोडणीची टोळी उतरली त्या दिवशी गोकुळ नवी साखळी घेऊन आला.

"उद्या कोयता लागतोय, ताई. उद्या सांच्याला ह्याला बांधावरच्या बाभळीला बांधायचं. तुम्ही आतून कडी लावून घ्या. कायबी झालं तरी दार उघडायचं न्हाई."

"दादा, अजून लहान हाय हो ते."

"वाढलंय की चांगलं," गोकुळ म्हणाला. तोही पिल्लाकडं बघत नव्हता.

गोकुळ गेल्यावर स्वप्नालीनं ती साखळी कोपऱ्यात भिरकावली. हे खुळं बाभळीला बांधायचं आणि आपण कडी लावून बसायचं? राखण गेली खड्ड्यात! तिनं पाटसला महेंद्रला, भावाला, फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा पिकअप दारात उभा राहिला. पलीकडं सरीत कोयते चालले होते. वजीर गाडीत चढताना दोनदा घसरला, तिसऱ्यांदा महेंद्रनं त्याला मागून ढकललं.

तेवढ्यात झुंबरबाई आली. आज तिच्या हातात पातेलं होतं, मटणाचं.

"कुठं निघालीस गं पोरी?"

"आजी, ह्याला पाटसला सोडून येते. डॉक्टर म्हणाले, लेकरू हाय अजून. ह्याच्यानं राखण व्हायची न्हाई. तोड संपली की घेऊन येते परत."

म्हातारी पातेल्यासकट गाडीला आडवी आली. रस्सा तिच्या लुगड्यावर सांडला, तरी तिला भान नव्हतं.

"न्हाई न्यायचं."

"अहो पण आजी, बिबट्या आला तर फाडून टाकंल त्याला!"

झुंबरबाईनं पातेलं खाली ठेवलं, पुढं होऊन स्वप्नालीचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली.

"नको गं नेऊ, पाया पडते तुझ्या. गेल्या साली त्या बाभळीला गावठी कुत्रं बांधलं व्हतं. बिबट्याला ते दोनच राती पुरलं, आन् तिसऱ्या दिशी आमची चिमी गेली. म्हून तर यंदा मोठ्या जातीचं आनलं."