आक्सेलचं नाव परत आणा

"या पोरीला हात स्वस्थ ठेवायला शिकवलंच नाही कुणी," आस्ता मास्तरांना सांगत होती. सून दाइना समोरच उभी होती, पण तिच्याकडे बघायचीही तसदी नाही. "माझ्या नवऱ्याचं, आक्सेलचं नाव पुसलं हिनं कॉम्प्युटरवरून. माणूस जाऊन सहा वर्षं झाली, दारावरच्या पाटीवर अजून त्याचंच नाव आहे. कुणाची हात लावायची टाप नाही. आणि ही कालची आलेली!"

विगो मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. वाचनालयातर्फे बेटावरच्या म्हाताऱ्यांचे कॉम्प्युटर ठीक करून देत आणि त्याबदल्यात कॉफी नि केकचा तुकडा घेत. त्यांनी मशीन चालू केलं. पडद्यावर होडीचा फोटो आणि एकच नाव: केल्ड. आस्ताचा मुलगा.

"पुसलेलं नाही, लपवलंय," मास्तर म्हणाले. "सुरुवातीचा पडदा कुणीतरी बदललाय. मूळचा आणला की घरातली सगळी नावं दिसतील."

"सगळी?" दाइनाच्या तोंडून निघून गेलं.

"एकूण एक."

दाइनाने केकची सुरी खाली ठेवली. नोव्हेंबरात तो पडदा तिनेच बदलला होता. त्याआधी केल्डच्या हातून तिचा फोन बंदरात पडला होता. "सुटला," एवढंच तो म्हणाला आणि नवा आणलाच नाही. गाडीची किल्ली कायम त्याच्या खिशात. मग एक दिवस, तो समुद्रावर असताना, तिने त्याचाच पासवर्ड वापरून याच मशीनमध्ये स्वतःच्या नावाने वेगळी जागा केली आणि नावांची यादीच झाकून टाकली. पलीकडच्या शहरातल्या इस्पितळात नोकरीचा अर्ज तिथूनच गेला. सोमवारी रुजू व्हा, असं उत्तरही आलं होतं.

केल्ड चारला परतला की बूट काढायच्या आधी हवामान बघायला मशीन उघडायचा. आज त्याला तिथे तिचं नाव दिसणार होतं.

"आई, राहू द्या ना. केल्डला विचारून करू."

"माझ्या घरात मी केल्डला विचारू? त्याला ढुंगण धुवायला मी शिकवलंय."

"पण आई..."

"तू कॉफी ओत. सांडू नकोस."

मास्तरांनी मालकाचा पासवर्ड विचारला. आस्ताने वाकून त्यांच्या कानात सांगितला. थोडी खुडबुड झाली, होडी गेली, साधा निळा पडदा आला. त्यावर तीन नावं, एकाखाली एक.

केल्ड. आक्सेल. दाइना.

आस्ता तिसऱ्या नावाकडे बघत राहिली. रस्त्याकडच्या खिडकीत दिवसभर बसणारी ही बाई. दाइना फाटकापर्यंत गेली तरी तिची मान वर व्हायची.

"हं," आस्ता म्हणाली. "कळलं."

ती मास्तरांना दारापर्यंत पोचवायला गेली, हलक्या आवाजात काही बोलली, परत आली. दाराला आतून कडी घातली. दाइना भिंतीला टेकली.

आस्ता मशीनसमोर बसली. टीव्हीचं बटणसुद्धा सुनेकडून दाबून घेणारी ती बाई. तिने आक्सेलचं नाव निवडलं आणि कळफलकाकडे न बघता पासवर्ड भरभर मारला.

पत्रं उघडली. वरचं पलीकडच्या शहरातून आलेलं होतं: म्हाताऱ्यांसाठीचं घर तयार आहे, उत्तर आजच्या आज हवं. आस्ताने "हो" एवढंच लिहून पाठवलं.

"मेलेल्या बापाच्या नावाखाली तो कधी डोकावला नसता," ती म्हणाली. "माझाही फोन समुद्रातच गेलाय, तुझ्या आधी दोन वर्षं. कोट घाल. मास्तर गाडी घेऊन खाली थांबलेत, आणि तुझं नाव त्याला दिसायच्या आत बोट सुटायला हवी."

दाइना जागची हलेना.

"अशी बघतेस काय? तीन महिने मला या मशीनमध्ये शिरता आलं नाही. अक्कल म्हणून नाही तुला, पोरी. स्वतःची पळवाट झाकताना माझीही बुजवलीस."