आतली खोली

"बहीण गतिमंद, तीही तुमच्यावरच अवलंबून. मग काका, इतकी वर्षं आयकर रिटर्नमध्ये का नाही दाखवलीत?" घरी आलेल्या सीए मुलीनं विचारलं.

निवृत्त अच्युतरावांची मान खाली गेली. सवलत मागितली असती तर ऑफिसात सगळ्यांना कळलं असतं. आता पेन्शनीत भागेना, तेव्हा बहीण आठवली! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"मागची रिटर्न्स सुधारता येतात का बघू. त्यांना बोलवा ना, ओळख तरी होईल."

"कुमुद, बाहेर ये गं!" परक्या माणसासमोर त्यांनी पहिल्यांदाच तिला हाक मारली.

आतल्या खोलीला आतून कडी होती. बेल वाजली की कडी लावायची, हे तिला त्यांनीच शिकवलेलं.

"येते दादा," दाराआडून कुजबुज आली, "पाहुणे गेले की लगेच येते."