न दिलेला हात

आज हात द्यायचा नाही, हे मारिनुसने उपदेश अर्ध्यावर असतानाच ठरवून टाकलं.

चर्चमध्ये वर उपदेशपीठावरून पाळक टेर होर्स्ट सहनशीलतेवर बोलत होते. आवाज लोण्यासारखा. "जी स्त्री निमूट सोसते, तिच्या चुलीपाशी प्रभू स्वतः येऊन बसतो," ते म्हणाले, आणि बाकाबाकांवर पेपरमिंट चघळणारी तोंडं समाधानाने हलली. तिसऱ्या बाकावर पीटरनेला बसली होती. काळी टोपी डाव्या गालावर ओढलेली. टोपीचा काठ खाली, नजर त्याहून खाली.

त्या काठाआड काय आहे ते मारिनुसने गुरुवारी पाहिलं होतं. नासपतीची पेटी पोचवायला तो बांधापलीकडे तिच्या घरी गेला होता. दार तिनेच उघडलं, उघड्या डोक्याने. गाल जांभळा, कडेने पिवळा पडत चाललेला. "गाईने लाथ मारली," ती म्हणाली. गाय लाथ मारते ती मांडीवर, गालावर नाही. एवढं तर या गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. आतून तिचा नवरा इसाक हसत ओरडला होता, "कोण, मारिनुस? अरे ये की, कॉफी गरम आहे!"

इसाक मंडळीचा डीकन, दानाचा पैसा सांभाळणारा. या घडीला तो मारिनुसच्याच बाकावर, चार हात पलीकडे, मान हलवत उपदेश ऐकत होता.

शुक्रवारी मारिनुस पाळकांकडे गेला होता. बसलासुद्धा नाही. "इसाक बायकोला मारतो," म्हणाला. पाळकांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. "ठाऊक आहे मला. आली होती ती. प्रार्थना केली आणि समजावून परत पाठवली. गवगवा नको रे. इसाक भला माणूस आहे, जरा तापट एवढंच. रविवारी मी बोलतोच त्यावर."

आणि बोलणं ते हे! जिचा गाल फुटला तिलाच शहाणपण, ज्याने फोडला त्याला एक शब्द नाही. मारिनुसच्या छातीत समुद्र बांधाला धडका देत होता. अकरा वर्षं तो मंडळीचा 'वडील', म्हणजे मंडळीने निवडलेला कारभारी होता. घरोघरी जाऊन त्याने कितीतरी मोडते संसार सांधले होते. पण कुणाचं रक्त असं मधाने पुसलं नव्हतं.

आजची पाळी त्याची होती. उपदेशाआधी पायऱ्यांपाशी पाळकाचा हात हातात घ्यायचा, म्हणजे मंडळीने त्याला वर पाठवलं. खाली उतरला की पुन्हा घ्यायचा, म्हणजे तो बोलला ते मंडळीला मान्य. हात आखडला तर तोंडाने काही सांगावं लागत नाही. आजोबांच्या काळात एकदाच कुणीतरी आखडला होता. तो पाळक महिन्याभरात सामान बांधून गेला.

सकाळी कोटाची बटणं लावताना बायको डीना म्हणाली होती, "तुझं तोंड बघ आरशात. मारिनुस, हात दे आणि मोकळा हो. राहायचं याच गावात आहे आपल्याला."

"तिलाही याच गावात राहायचंय," तो म्हणाला होता.

शेवटचं स्तोत्र झालं. आशीर्वाद झाला. पाळक एकेक पायरी उतरत आले, प्रसन्न मुद्रेने, उजवा हात आधीच पुढे. मारिनुसने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

पाळकांचा हात हवेतच राहिला. "मारिनुस," ते ओठातल्या ओठात म्हणाले, "लोक बघताहेत."

"बघू देत." त्याचा आवाज छतापर्यंत गेला. "या उपदेशाला माझा हात नाही. इसाकने हिला मारलंय, आणि तुम्ही हिलाच सोसायला सांगता? मेंढपाळ म्हणवता ना स्वतःला? लांडग्याला शेजारी बसवून मेंढीला धडे देणारा कसला मेंढपाळ?"

इसाक उठला, पुन्हा बसला. त्याच्या बाकावरची माणसं त्याच्यापासून बोटभर सरकली.

मारिनुस चालत तिसऱ्या बाकापाशी गेला. पाठीमागे बांधलेला उजवा हात त्याने पुढे केला. आता त्याचा आवाज मऊ झाला, आजारी लेकराच्या उशाशी बसावं तसा. "ऊठ पोरी. माझ्या घरी चल. आता तुला कुणी परत पाठवणार नाही."

पीटरनेलाने टोपी काढली. साऱ्या मंडळीला तो गाल दिसला. ती उठली, स्वतःच्या पायांवर. त्या हाताकडे तिने नीट, बराच वेळ पाहिलं. तिचे हात तिच्यापाशीच राहिले.

"मी निघालेच आहे, मारिनुसकाका. बहीण गाडी घेऊन बाहेर थांबलीय." तिचा स्वर चढला नाही. पण त्यातला राग आजचा नव्हता. खाडीच्या तळाशी पडलेल्या दगडासारखा तो जुना आणि गार होता. "पाळक काय, कालपरवा गावात आले. दोन वर्षांपूर्वी पहिला फटका बसला, त्या संध्याकाळी मी तुमच्या दारात आले होते. आठवतं? काकूंनी कॉफी दिली. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत, संसार सांभाळ म्हणालात, आणि स्वतःच्या गाडीतून मला घरी सोडलंत."

ती बाकाबाहेर आली. त्याचा हात अजून पुढेच होता. त्याला वळसा घालून ती दाराकडे निघाली, आणि दोन पावलांवर थांबली.

"आणि दारात इसाकचा हात हातात घेतलात."