दुहेरी टीप

"बघायचं नसेल तर आत्ताच सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला इथे आणलं त्या दिवसाचं चित्रीकरण आहे."

"लावा. एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

शिंपी खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो तळहात पुन्हापुन्हा पँटला पुसत होता. हे बघून तो थाऱ्यावर राहिला, तर आजच घरी जायचं होतं. बायकोने त्याचे कपडे भरायला पिशवीही आणली होती.

"पण आधीच सांगतो," तो म्हणाला. "बडबडलो असेन, शिव्या दिल्या असतील. हिला मात्र हात लावला नाही मी. विचारा हिला."

"नाही लावला," बायको पिशवीकडे बघत म्हणाली.

पडद्यावर मनोरुग्णांच्या वॉर्डाचं दार उघडलं. दोघांनी दंडाला धरलेला एक माणूस आत आला. दाढी वाढलेली, जीभ कात्रीसारखी चाललेली, सगळ्या जगाला अक्कल शिकवणं सुरू. शिंप्याच्या आठवणीत तो स्वतः त्या दिवशी मोठ्या रुबाबात, मुद्द्याचं बोलत होता. हा तर नुसती थुंकी उडवत होता. शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो बघत राहिला. एवढं पार पडलं की घर.

त्या माणसामागून बायको आली. उजव्या हाताने तिने डावा खांदा दाबून धरला होता. सही करायला तिने हात काढला, तशी डावी बाही खाली लोंबली.

"थांबवा," शिंपी म्हणाला.

चित्र थांबलं. तो उठला आणि पडद्याला नाक लावून बघू लागला.

"अहो, जुनाच कुर्ता तो," बायको घाईघाईने म्हणाली. "विरला होता. कडीला अडकला असेल कुठेतरी."

"कापड शाबूत आहे. शिवण उसवलीय." त्याने पडद्यावरच्या खांद्यावर बोट ठेवलं. "दुहेरी टीप आहे ती, माझ्या हातची. अशीतशी नाही उसवत. धरून ओढावं लागतं."

डॉक्टरबाईंनी बायकोकडे पाहिलं. तिने नजर पिशवीकडे वळवली.

शिंपी वळला. त्याने तिच्याकडे हात पुढे केला.

आज तिच्या अंगात नवा कुर्ता होता. तरी तिने डावा खांदा घट्ट धरला.