पाणी मुरतंय

"कुठेतरी पाणी मुरतंय," थोरली जाऊ म्हणाली.

"मुरतंय कुठे बाई? मुरत असतं तर मला कशाला बोलावलं असतंत?" प्लंबरने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो तळघरातल्या पाण्यात उतरला.

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. वॉशिंग मशीनचे पाय बुडाले होते, कुणाची तरी एक चप्पल तरंगत होती. जमिनीतल्या जाळीतून मधूनच एखादा बुडबुडा वर यायचा आणि त्यासोबत नको तो वास. थोरलीने नाक दाबून धरलं होतं, पण डोळे धाकट्या जावेवर. तिला जळी स्थळी धाकटीच दिसायची, आणि इथे तर नुसतं जळच होतं.

"पहाटे खालचा नळ कोण सोडतं गं? माझी साबणाची वडी अर्धी झाली. मी बोलत नाही, पण मला सगळं कळतं."

"नळ मीही ऐकते, ताई. मला वाटलं, तुम्हीच. वरची तेलकट भांडी खाली आणून धुताय."

"मी? चोराच्या मनात चांदणं!"

"पुरे," थोरलीचा नवरा पायरीवरून म्हणाला. बूट भिजू नयेत म्हणून तो खाली उतरलाच नव्हता. "कुणी काय टाकलंय ते आज निघू दे."

जिन्याच्या वरच्या दारात नाना, दोघींचे सासरे, भिंतीला धरून उभे होते. "सापडलं का काही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाना, तुम्ही आत जा. पडलात बिडलात तर आणखी एक ताप," थोरला म्हणाला.

मागच्या महिन्यात नानांचं अंथरूण भिजलं, तेव्हा थोरल्याने जेवताना सगळ्यांदेखत बजावलं होतं, पुन्हा असं झालं की वृद्धाश्रम. तेव्हापासून एकदाही झालं नव्हतं. धाक असला की सगळं जमतं, असं थोरला ज्याला त्याला सांगायचा.

प्लंबरने जाळी काढली, तार आत सारली, फिरवली. तार अडकली. दोन्ही हातांनी खेचल्यावर गाळासकट कापडाची एक लांब पट्टी बाहेर आली, तिच्या मागोमाग दुसरी.

"जाळी उचलून हाताने कोंबलंय कुणीतरी," तो म्हणाला आणि त्याने पट्टी नळाखाली धरली.

पांढऱ्यावर निळ्या रेघा निघाल्या. खाली लाल दोऱ्याची टीप.

थोरलीने ती टीप ओळखली. नानांचा पायजमा लांब होत होता म्हणून तिनेच आखूड करून दिला होता. निळा दोरा संपला होता, मग लाल घातला. "निळ्यावर लाल? ताई, चष्म्याचा नंबर बघा," असा धाकटीने तेव्हा टोमणाही मारला होता. आता दोघींनी एकमेकींकडे बघितलं. वर दाराकडे मात्र कुणीच बघितलं नाही.

"कुणाचं आहे हे?" थोरल्याने विचारलं.

"माझं," धाकटी म्हणाली. "फरशी पुसायचं फडकं."

हेच ऐकण्यासाठी थोरलीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. ती धाकटीकडे बघत राहिली. तिला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचा रागही आला.

"हिचं कसलं? माझं आहे ते. मीच कोंबलं."

"नाही ताई, माझं आहे."

"गप्प बस! टीप माझ्या हातची आहे, दिसत नाही?"

प्लंबर चक्रावला. "फोनवर तर दोघी 'माझं नाही, माझं नाही' करत होतात."

जाळीखालच्या उघड्या भोकातून घरघर आवाज आला आणि पाणी उतरायला लागलं.

"सापडलं का?" वरून नानांचा आवाज आला, ऐकू येईल न येईल असा.

"फडकं होतं, नाना," थोरली मोठ्याने म्हणाली. "माझंच."

तिने मशीनवरच्या पुड्यातून साबणाची नवी वडी काढली, कागद सोलला आणि ती नळाजवळ ठेवली. थोरला पायरीवरून हे सगळं बघत होता.

"मग पहाटे नळ कोण सोडतं?" तो म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे," थोरली म्हणाली.