साधी गाठ

डॉक्टरीणबाईंनी छबुबाईच्या कानाखालची गाठ पुन्हा एकदा बोटांनी चाचपली.

"कॅन्सर नाही, मावशी. लाळेच्या ग्रंथीतली साधी गाठ आहे. सुईनं आतलं थोडं काढून तपासलं, तर आत ग्रंथीच्याच पेशी निघाल्या आणि बाकी सगळी गर्दी पांढऱ्या पेशींची. ते आपल्या शरीराचे राखणदार."

"चोर नसंल तर एवढे राखणदार कावून बसवलेत?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "या गाठीत ते असेच गोळा होतात. पुढच्या आठवड्यात काढून टाकू, की मोकळ्या."

आदिनाथही हसला. त्याची आई, छबुबाई, हसली नाही. बाहेर येऊन ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि पदर कानाभोवती घट्ट गुंडाळून घेतला.

"बाईला काय शिकवून ठेवलंस?"

"कायी न्हाई, माय. खरंच साधी गाठ हाय. हे बघ, रिपोर्टच वाचून दावतो."

"वाच की. वनमालाचाबी वाचला व्हतास."

आदिनाथनं कागदाची घडी घातली. वनमालाकाकूचा रिपोर्ट वाईट होता. घरातल्या सगळ्यांनी मिळून तो तिच्यापासून लपवला होता. काकू ऐकेना, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यानंच शपथ घेतली, साधी गाठ हाय म्हणून. त्या दिवशी काकू पोटभर जेवली. कापूस वेचणीला यायच्या आत गेली.

"मग काय करू म्हंजे तुला पटंल?"

छबुबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि मान त्याच्यापुढं वाकवली.

"ठेव हात. मग बाई म्हणंल तिथं कापून घेते. न्हाई तर मला घरी ने. घरी मरते."

रिपोर्ट खरा होता. शपथ खरीच निघणार होती. आदिनाथनं हात उचलला. खाली पांढरे, तेल लावून चापून बसवलेले केस होते. काकूचेही असेच होते. हाताला तेल लागलं होतं तेव्हा.

खोट्या शपथेनं माणूस मरतं, असलं काही तो मानत नव्हता. पण हात तोच होता.

केसांच्या वीतभर वर तो थांबला. आदिनाथनं जोर लावला, पण तो खाली गेला नाही.

"माय, आईशप्पत..."

छबुबाई थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं मान वर केली आणि त्या हाताकडं पाहिलं. कानातली फुलं तिनं एकेक करून काढली, तो अधांतरी हात धरून खाली घेतला, तळव्यावर फुलं ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली.

"ही स्वप्नालीला घाल," नातीचं नाव घेत ती म्हणाली. "आन् ऊठ आता. घरी जायचंय, चकलांब्याची यष्टी निघंल."